पायांनी चालवलेला वाद्यवृंद

वाद्यवृंद हातांनी चालवायचा असतो, असा जगभर समज आहे. आमचे थांबामास्तर तो पायांनी चालवत. दर रविवारी तालमीला नारायण पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये आल्या आल्या ते वहाणा काढून कोपऱ्यात ठेवत, पिशवीतून पातळ तळव्यांचे काळे बूट काढत, बाकावर बसून नाड्या आवळत आणि मगच आमच्यासमोर उभे राहत. मग उजवा पाय पुढे, डावा मागे, टाच इकडे, चवडा तिकडे, असं सुरू होई. हात दोन्ही छातीजवळ, जवळजवळ निवांत. नवा माणूस आला की तो बिचारा हातांकडे बघत बसे आणि चुके. आमचे चेलो वाजवणारे रफीकभाई मात्र हुशार. पुण्याच्या लष्कर भागात त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि माणसाचं वाद्य कुठे बिघडलंय हे त्यांना लगेच कळे. त्यांनी पहिल्याच महिन्यात मान खाली घातली ती वर केली नाही. “आपण बूट बघून वाजवतो,” ते म्हणत, “वर काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?”

मास्तरांचं खरं नाव शांतवन. नगरकडचे ख्रिस्ती, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये घर. बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन नगरला. ‘थांबामास्तर’ हे नाव आमचं. तालमीत दर चार मात्रांनी ते “थांबा” म्हणत. ओरडून नव्हे, एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा इतक्या सौजन्यानं. त्या सौजन्याचाच त्रास अधिक. ओरडणाऱ्या माणसावर उलटं ओरडता येतं. जो माणूस हात जोडल्यासारखा “थांबा हं, कृपा करून” म्हणतो त्याचं काय करायचं? मी मंडळाचा चिटणीस आणि पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या. त्यामुळे सर्वांची चिडचिड आधी माझ्याकडे येई आणि मी ती मास्तरांकडे पोचवीपर्यंत तिच्यात माझीही भर पडलेली असे.

मास्तर मुळात ऑर्गनवाले. ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातली पायपेटी डोळ्यांसमोर येते. तो हा नव्हे. खडकीच्या जुन्या चर्चमधला ऑर्गन म्हणजे एक अख्खी भिंत होती. करंगळीएवढ्या नळीपासून माणूस आत उभा राहील अशा नळीपर्यंत शेकडो नळ्या, त्या सगळ्यांना वारा पुरवणारा एकच मोठा चामड्याचा भाता, हातांसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा आणि पायांखाली लांब लाकडी पट्ट्यांची आणखी एक. खर्जाचे सगळे स्वर पायांनी वाजवायचे. मास्तर तिथे आधी नुसता भाता मारत असत. भाता मारता मारता शिकले आणि गोरे निघून गेल्यावर वाजवणारं कोणी उरलं नाही म्हणून स्वतः बसले. काही वर्षं बसले. मग पावसाळे आणि उंदीर यांनी मिळून भात्याचं चामडं खाल्लं. दुरुस्त करणारा माणूस मिळेना. चर्चची मंडळीही आता थोडी राहिली होती आणि त्यांचं भजन साध्या बाजाच्या पेटीवर छान चाललं होतं. ऑर्गन गप्प झाला तो झालाच.

तेव्हा मास्तर आमच्याकडे आले. खरं म्हणजे त्यांना वाद्यवृंद नको होता, ऑर्गन हवा होता. तो मिळेना म्हणून त्यांनी माणसं गोळा केली. बँकेतले आम्ही चौघे, टपालखात्यातले दोघे, एक दातांचे डॉक्टर, दोन शिक्षिका, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले तिघे फुंकणारे, असे वीस-बावीस जण. आणि मग हा गृहस्थ आम्हाला नळ्या समजून वाजवायला लागला. “भाता एक पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. सगळ्या नळ्या एकाच वाऱ्यावर बोलतात, तसे तुम्ही सगळे एका श्वासावर वाजवा. आता दातांच्या डॉक्टरांचा श्वास आणि रफीकभाईंचा श्वास एक कसा व्हावा? डॉक्टर सगळंच घाईनं उपटणारे. रफीकभाई दुकानातसुद्धा गिऱ्हाइकाला “परवा या” म्हणून आठवडा लावणारे.

“मास्तर, नळीला घरी जायची घाई नसते, आम्हाला असते,” मी एकदा म्हणालो.

“म्हणूनच नळी बरी, चिटणीससाहेब,” ते म्हणाले. मनापासून म्हणाले. पुण्यात राहून ज्याला टोमणा लागत नाही अशा माणसाबरोबर काम करणं हा एक वेगळाच भोग आहे.

त्यांचा डावा हातही सरळ नव्हता. ऑर्गनला नळ्यांचे गट असतात आणि वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या असतात. खुंटी ओढली की एक गट बोलू लागतो, ढकलली की बंद. मास्तर आमच्यातही खुंट्या ओढत. दुसऱ्या व्हायोलिनांना आत घ्यायचं असलं की हवेत मूठ वळून ती झटकन स्वतःकडे खेचत आणि बंद करायचं असलं की तळवा पुढे ढकलत. फ्लूट वाजवणाऱ्या शिक्षिका पहिल्या दिवशी दचकून मागे सरकल्या. त्यांना वाटलं, मास्तर कान धरायला आले. हळूहळू आवाज चढवणं, उतरवणं हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. आवाज जिन्यासारखा चढला पाहिजे. एक पायरी, मग दुसरी. मधे काही नाही. मी व्हायोलिन शिकलो ते आपल्या पद्धतीचं, बुवांकडे मांडी घालून बसून. माझा गज एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घसरणारच.

“थांबा. चिटणीससाहेब, या दोन स्वरांच्या मधे आता काय झालं?”

“मींड झाली.”

“छान झाली. मधे नको.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बारा वर्षं घासून कमावलेली मींड, आणि ती ‘मधे नको’! वर आमच्या पहिल्या व्हायोलिनांकडे चाल असली तरी मास्तरांचं लक्ष कायम तळाशी. चेलो, मग वरचे, मग त्यावरचे आणि अगदी शेवटी आम्ही. “खालून ऐका,” ते म्हणत. “खालचा स्वर ठीक असला की वरच्याला फार काही करावं लागत नाही.” म्हणजे मला फार काही करावं लागत नाही, हे ते मला सर्वांदेखत सांगत होते. कोणत्या व्हायोलिनवाल्याला हे सहन होईल?

सर्वांत कहर म्हणजे शेवटांची तालीम. ऑर्गनचा स्वर बोट पट्टीवर असेपर्यंत तसाच्या तसा राहतो. विरत नाही, थकत नाही. त्यामुळे तो सोडायचा कधी आणि कसा, यात ऑर्गनवाल्याचा सगळा जीव. “स्वर सुरू कोणीही करतो,” मास्तर म्हणत, “ठेवायचा कुठे ते बघा.” एकदा त्यांनी सबंध संध्याकाळ आमच्याकडून फक्त शेवट करून घेतले. स्वर लावायचा आणि सोडायचा. लावायचा आणि सोडायचा. मी घरीही तेच घासत बसलो तेव्हा बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “आज काय शिकवलं?”

“शेवट.”

“कशाचा?”

“कशाचाही.”

“बरं. सुरुवातीला दुसरे मास्तर आहेत वाटतं.”

माझंही मत तेच होतं. पण सुरुवातीची खरी गंमत याहून वाईट होती. खडकीला नळ्या वर माडीवर होत्या. पट्टी दाबल्यावर वारा तिथवर जायचा, मग नळी बोलायची. त्यामुळे मास्तरांचा हात कायमचा स्वराच्या पुढे चालायला शिकला होता. हात खाली आला म्हणजे नुसती पट्टी दाबली. आवाज त्यानंतर, एक श्वास जाऊन. ताल पायांचा, पण आत येण्याची खूण हाताची. आम्ही हात बघायचा, श्वास घ्यायचा आणि मग वाजवायचं. सलग वाजवताना हे अंगवळणी पडलं. पण मोठी शांतता गेल्यावर पुन्हा आत यायचं असलं की हमखास घोटाळा. दोघे-चौघे हाताबरोबर धावत, बहुतेक वेळा डॉक्टर सर्वांत पुढे. काही जण इतके घाबरून राहत की येतच नसत. मास्तरांचा सगळा हट्ट त्या एका जागेवर येऊन थांबला होता. “मला दुसरं काही नको,” ते म्हणत. “एकदा, फक्त एकदा, त्या शांततेतून कोणी पुढे धावू नये. सगळ्यांनी मिळून थांबावं आणि मिळून आत यावं. ते झालं की माझा ऑर्गन वाजला.” वर्षं गेली, ते एकदाही झालं नाही. तालमीत नाही, कार्यक्रमात तर नाहीच.

ज्या रचनेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातून आलेल्या ऑर्गनवाल्यानं लिहिलेली. त्याच्या एका सिंफनीतला संथ भाग मास्तरांनी आमच्या कुवतीप्रमाणे उतरवून घेतला होता. त्यात सगळी वाद्यं मिळून मोठा घनदाट स्वर उभा करतात आणि मग एकदम काहीच नाही. शांतता. नंतर कुठून तरी वेगळीच सुरुवात. जाणकार म्हणतात म्हणे, की त्या माणसाला सांधे जोडता येत नव्हते. मास्तर यावर हसत. “ते नाट्यगृहात बसून ऐकतात. यानं चर्चमध्ये बसून लिहिलंय. आधीचा स्वर छतावरून खाली उतरेपर्यंत हा पुढचा कसा लावील? रिकामी जागा नाही ती. तिथे आधीचं अजून वाजतंय.”

हे समजावून देण्यासाठी ते मला एकदा रविवारी दुपारी खडकीला घेऊन गेले. चर्च उंच, दगडी, आत गार. मास्तरांनी वाकून ते पातळ बूट चढवले आणि मेलेल्या ऑर्गनवर बसून तो संथ भाग पहिल्यापासून वाजवला. आवाज फक्त लाकडाचा. पट्ट्यांची टकटक आणि पायांची धडधड. मोठ्या स्वराच्या जागी ते दहा बोटं आणि दोन्ही पाय रोवून बसले, मग सगळं एकदम उचललं आणि मान वर करून थांबले. छताकडे बघत. पुष्कळ वेळ. मला डास चावत होते. ऐकू काही येत नव्हतं, ऐकू येण्यासारखं काही झालंच नव्हतं, आणि हा माणूस त्याचा शेवट होण्याची वाट बघत होता! मी खाकरलो. ती खाकर मात्र त्या छताखाली गोल फिरून चांगली परत आली. “बघा,” मास्तर आनंदानं म्हणाले, “कळलं ना?”

मला कळलं होतं. त्यांचं म्हणणं मला कधीच खोटं वाटलं नाही. पण आमचा कार्यक्रम चर्चमध्ये नव्हता, नाट्यगृहात होता आणि मुद्दा तोच होता.

“मास्तर, तिथे पडदे आहेत, गाद्यांच्या खुर्च्या आहेत, माणसं आहेत. आवाज तिथे भिंतीपर्यंत जातो आणि तिथेच मरतो. मग थांबायचं कुणासाठी?”

“लिहिणारा थांबलाय.”

“लिहिणारा तिकीट काढून येणार नाहीये. पुणेकर येणार आहेत.”

“त्यांना थोडा वेळ देऊन बघू,” मास्तर म्हणाले. पुणेकरांना वेळ देऊन बघू! मी डोकं धरलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. रंगमंच लाकडी, त्यामुळे मास्तरांचे पाय आम्हा सगळ्यांपेक्षा स्पष्ट ऐकू येत होते. पहिल्या मोठ्या स्वरानंतर आम्ही थांबलो आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ते समजण्यासारखं होतं. मास्तर पाठ करून तसेच उभे. टाळ्या विरल्या, आम्ही पुढे निघालो. दुसऱ्या शांततेत काही खुर्च्या वाजल्या आणि तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांचा स्वच्छ आवाज आला, “झालं वाटतं.” तिसऱ्या शांततेनंतर मास्तरांचा हात खाली आला आणि डॉक्टरांचं व्हायोलिन एकटंच पुढे धावलं. चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं तसं ते आत आलं, ओशाळलं आणि मागे फिरलं. लोक हसले. आम्ही उरलेला भाग कसा संपवला ते देवाला ठाऊक.

नंतर ते तिसऱ्या रांगेतले काका आत आले, मास्तरांना नमस्कार केला आणि म्हणाले, “कार्यक्रम छान झाला. मधूनमधून ऐकूही आला.” मग इकडेतिकडे बघत, “तबलजी कुठे दिसले नाहीत, पण ठेका उत्तम होता.” मास्तरांनी आपल्या पायांकडे बघितलं आणि “आभारी आहे,” म्हणाले. मला त्या क्षणी काकांचाही गळा धरावासा वाटला आणि मास्तरांचाही.

मंडळाच्या बैठकीला फार वेळ लागला नाही. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा पुसत पुसत विषय संपवला. “गृहस्थ देवमाणूस आहेत. पण आपण वाद्यवृंद काढलाय, मौनव्रत नव्हे.” मुंबईहून एक तरुण संचालक आणायचे ठरले, आणि मास्तरांना सांगायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं. तो निर्णय मला तेव्हा बरोबर वाटला होता आणि आजही बरोबरच वाटतो. दुसरा मार्ग नव्हता. आणखी एक असा कार्यक्रम झाला असता तर मंडळच उरलं नसतं.

शाळेच्या पायरीवर मी त्यांना गाठलं. मी पुष्कळ बोललो. मंडळाची अडचण, लोकांची आवड, त्यांची प्रकृती. ती ठणठणीत होती. मास्तर ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, “आपल्याकडे खर्ज कमी पडतो.”

“काय?”

“एकटे रफीकभाई किती पुरे पडणार? मोठं बासवाद्य आपल्याकडे नाही. नवीन साहेबांची हरकत नसेल तर मी मागे बसून खालचे स्वर भरीन. एखादी पायपेटी मिळाली तर.”

मला भयंकर राग आला. माणसानं भांडावं, चार शब्द सुनवावेत, निदान तोंड फिरवून जावं. आठ वर्षं ज्यांना नळ्यांसारखं वाजवलं त्यांच्याच मागे पेटी घेऊन बसायला तयार व्हायचं म्हणजे काय? मी तसं म्हणालोही. ते नुसतं म्हणाले, “मग मी रविवारी कुठे जाऊ?”

रफीकभाईंनी एका बंद पडलेल्या नाटक कंपनीची पायपेटी शोधून काढली, आठ दिवस खपून तिचे स्वर नीट केले आणि मागच्या ओळीत आणून ठेवली. पायपेटीत पायांनी भाता मारायचा असतो. म्हणजे मास्तरांचे पाय तिथे अडकले आणि खर्ज प्रथमच बोटांत आला. ते पातळ बूट त्यांनी पुन्हा आणले नाहीत. वहाणा काढून अनवाणी बसत.

नवे संचालक हुशार होते. हातात पांढरी काडी, हात जिथे पडेल तिथेच स्वर, आवाज चढवणं-उतरवणं सगळं रीतसर. त्यांनी मला मींड नाही, पण स्वर फुलवायची मोकळीक दिली. मी खूष. तो ऑस्ट्रियाचा संथ भाग लोकांच्या आग्रहानं नव्हे, तर तालमी झाल्या होत्या म्हणून त्यांनी ठेवला. त्यातल्या शांतता कापून आखूड केल्या. शेवटची मोठी तेवढी राहिली, कारण तिथे काही कापायला जागाच नव्हती. तालमीत सगळं सुरळीत चाललं. “काडीबरोबर, मंडळी, काडीबरोबर,” ते सांगत आणि आम्ही येत होतो. मागे मास्तर मान उंचावून त्या काडीकडे असं बघत की जणू उद्या त्यांची परीक्षा आहे. कुणाकडे नजर नाही, सूचना नाही. चुकून एकदाही “थांबा” नाही. कधी कधी मी मुद्दाम मागे बघत असे, निदान आज तरी नाक मुरडतील म्हणून. छे!

पुन्हा रविवार सकाळ, पुन्हा तेच नाट्यगृह, तिसऱ्या रांगेत तेच काका. संथ भाग चांगला चालला होता. शेवटचा मोठा स्वर उभा राहिला, सुटला, शांतता झाली. संचालकांनी मनात मोजलं आणि काडी खाली आणली.

कोणीच वाजवलं नाही.

काय झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. मी पुढे बसलो होतो, काडी मला स्वच्छ दिसली, आणि मी श्वास घेतला. माझ्या शेजाऱ्यानंही घेतला. फुंकणाऱ्या तिघांनी, शिक्षिकांनी, रफीकभाईंनी, सगळ्यांनी घेतला. इतकंच काय, डॉक्टरही गज उचलून स्वस्थ बसले होते. आणि त्या ठार शांततेत मागून एकच खालचा स्वर आला, काडीबरोबर, अगदी जिथल्या तिथे. अख्ख्या वाद्यवृंदात नव्या संचालकांचं ऐकणारा माणूस एकच निघाला आणि तो म्हणजे थांबामास्तर!

संचालकांचा चेहरा पांढरा पडला. आम्ही चुकलो हे कळल्यावर तर आम्ही आणखीच गोठलो. दुसरा कोणी असता तर घाबरून त्यानं हात उचलला असता. मास्तरांनी उचलला नाही. बोट पट्टीवर तसंच, पाय भात्यावर तसेच. तो स्वर विरला नाही, वाढला नाही, थकला नाही. आम्ही येईपर्यंत तो आमच्यासाठी तिथे उभा राहिला. मग रफीकभाई त्याच्यावर आले, मग वरचे, मग त्यावरचे, आणि अगदी शेवटी आम्ही. माझा गज तारेवर टेकला तेव्हा खालून इतका भरघोस आधार होता की मला खरोखरच फार काही करावं लागलं नाही.

टाळ्या थांबेनात. काका आत आले. आज नमस्कार संचालकांना. “तो खालचा स्वर आधी एकटा ठेवायचा आणि मग एकेकानं त्यावर यायचं, ही कल्पना कुणाची?”

“माझीच,” संचालक म्हणाले.

मी तोंड उघडलं. मागून मास्तर म्हणाले, “त्यांचीच.”

संचालक बाहेर गेल्यावर मात्र मास्तर आमच्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज प्रथमच ऐकला. “समोर माणूस उभा आहे. त्याचा हात दिसत नाही तुम्हाला? त्याची केवढी फजिती झाली असती!”

“मास्तर,” रफीकभाई म्हणाले, “ही सवय तुम्हीच लावलीत.”

“लावली असेल. चुकीची होती.” ते पिशवी उचलून चालू लागले. आठ वर्षं मला हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. किती परींनी मी ते त्यांच्याकडून वदवायचा प्रयत्न केला होता! आणि आता ऐकलं तर ते मला अजिबात आवडलं नाही.

त्यांना मी माझ्या स्कूटरवर खडकीला सोडलं. त्यानंतर ते तालमीला आले नाहीत. महिन्याभरात क्वार्टर सोडून नगरला मुलीकडे गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. मुलीनं कळवलं तेव्हा दफन होऊन गेलेलं होतं. त्यामुळे त्या रविवारची भेट हीच आमची शेवटची.

खडकीच्या रस्त्याला त्या दिवशी दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मी घुश्शात होतो. त्या खालच्या स्वराचं श्रेय त्यांनी फुकट का दिलं, हे मला पचत नव्हतं. क्वार्टर्सच्या फाटकाशी ते उतरले, पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेले आणि परत आले.

“चिटणीससाहेब, डॉक्टरसुद्धा?”

“डॉक्टरसुद्धा काय?”

“तेसुद्धा बसून होते? मला मागून नीट दिसलं नाही.”

“होते ना. गज हवेत धरून.”

“म्हणजे कोणीच पुढे गेलं नाही.”

“नाही गेलं. मास्तर, सगळ्यांनी चूक केली.”

“हो,” ते म्हणाले. “सगळ्यांनी.”

मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले, उन्हामुळे पुसावेत तसे, पण ऊन त्यांच्या पाठीकडून येत होतं. मला इतका राग आला की काय सांगू! स्वतःवर, मंडळावर, त्या काडीवर, आणि सर्वांत जास्त या माणसावर, ज्याला हवं ते मिळालं तेव्हा तो मागच्या ओळीत बसलेला होता आणि एकटाच वाजवत होता. मी “येतो” एवढंच म्हणालो. ते फाटकातून आत गेले. मी किल्ली लावली, पण स्कूटर सुरू करायला मला बराच वेळ लागला.